अठ्ठावीस टक्क्यांसाठी दहा वर्षं

४ नोव्हेंबर २००८ या दिवशी जगाचं लक्ष बराक ओबामा यांच्या निवडणुकीकडे लागलं होतं. ओहायो राज्यानेही त्या दिवशी ओबामांना कौल दिला. त्याच मतदानात ओहायोच्या मतदारांपुढे आणखी एक प्रश्न होता. 'इश्यू ५' या नावाने तो ओळखला जात होता. पगाराच्या तारखेपर्यंत कर्जाऊ पैसे देणाऱ्या कंपन्यांना वर्षाला २८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येऊ नये, असा कायदा विधिमंडळाने नुकताच केला होता. तो राहू द्यायचा की मोडायचा, हे मतदारांनी ठरवायचं होतं. कायदा मोडावा म्हणून कंपन्यांनी दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम प्रचारात ओतली. कायद्याच्या बाजूने उभ्या असलेल्या चर्चच्या, ग्राहकांच्या आणि गरिबांसाठी काम करणाऱ्या संघटनांकडे तिच्या पासंगालाही पुरेल एवढा पैसा नव्हता. तरीही सुमारे ६४ टक्के मतदारांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं.

एवढ्या स्पष्ट कौलानंतर हा विषय संपायला हवा होता. प्रत्यक्षात पुढची दहा वर्षं त्या कायद्याखाली ओहायोतली एकही कंपनी आली नाही. दुकानं चालू राहिली आणि कर्जाचे दर आधीपेक्षाही वर गेले. विधिमंडळाचे सदस्य दर दोन वर्षांनी निवडून येत राहिले आणि त्यांच्या निवडणूक निधीत याच कंपन्यांच्या देणग्या जमा होत राहिल्या. त्या देणग्यांनी नेमकं काय विकत घेतलं, हे समजून घ्यायला ओहायोच्या या दहा वर्षांसारखं दुसरं उदाहरण नाही.

पंधरा दिवसांची उचल

या धंद्याला अमेरिकेत 'पेडे लेंडिंग' म्हणतात. पगार पुढच्या शुक्रवारी होणार आहे आणि गाडी आज बंद पडली आहे, किंवा विजेचं बिल आज भरायचं आहे, अशा माणसासाठी ही दुकानं असतात. तो दुकानात जातो, पगाराची पावती दाखवतो आणि पुढची तारीख टाकून धनादेश लिहून देतो. त्याला १०० डॉलर हातात मिळतात आणि धनादेश ११५ डॉलरचा असतो. पंधरवड्याने दुकान तो धनादेश वटवतं. शंभरावर पंधरा ही रक्कम ऐकायला फार वाटत नाही. पण ते चौदा दिवसांचं मोल आहे. वर्षाच्या हिशेबात तो दर ३९१ टक्के होतो.

धंद्याची खरी कमाई पहिल्या पंधरा डॉलरांत नसते. ज्याच्याकडे आज शंभर डॉलर नव्हते, त्याच्याकडे दोन आठवड्यांनी घरभाडं देऊन वर ११५ डॉलर क्वचितच उरतात. तो पंधरा डॉलर भरून मुदत वाढवून घेतो, किंवा जुनं कर्ज फेडून त्याच दिवशी नवं घेतो. केंद्र सरकारच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोने २०१४ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की अशा कर्जांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कर्जांची मुदत चौदा दिवसांच्या आत वाढवली जाते किंवा त्यांच्या मागोमाग दुसरं कर्ज घेतलं जातं. 'प्यू' या संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सरासरी कर्जदार वर्षातले पाच महिने या कर्जात असायचा आणि ३७५ डॉलरच्या कर्जापायी ५२० डॉलर नुसतं शुल्क भरायचा. वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख अमेरिकन माणसं अशी कर्जं घेत होती.

ही सावकारी अमेरिकेला नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या औद्योगिक शहरांत कामगारांचा येणारा पगार आधीच विकत घेणारे सावकार होते. त्यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या रसेल सेज फाउंडेशनने मोहीम चालवली आणि १९१६ मध्ये लहान कर्जांसाठी एक नमुना कायदा तयार केला. महिन्याला साडेतीन टक्के ही त्यातली कमाल मर्यादा होती. पुढच्या काही दशकांत बहुतेक राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले. पगारावर पैसे देणारे सावकार जवळपास नाहीसे झाले.

ते परतले १९९० च्या दशकात. टेनेसी राज्यातल्या क्लीव्हलँड गावात ॲलन जोन्स यांनी १९९३ मध्ये 'चेक इनटू कॅश' ही कंपनी काढली. १९९७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग इथे 'ॲडव्हान्स अमेरिका' सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी बिली वेबस्टर आधी क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम करून आले होते. जुने व्याजमर्यादेचे कायदे उभे असताना हा धंदा चालणं शक्य नव्हतं. म्हणून एकेका राज्यात विधिमंडळाकडून सूट मिळवणं ही धंद्याची पहिली गरज होती. दुकान उघडण्याआधी कायद्यात जागा करून घ्यावी लागत होती. राजकारणाशी असलेलं या उद्योगाचं नातं त्याच्या जन्मापासूनचं आहे, ते असं.

ओहायोतली दुकानं

ओहायोने ही सूट १९९५ मध्ये दिली. धनादेश वटवून देणाऱ्या दुकानांना कर्ज देण्याचा परवाना मिळाला आणि त्या कर्जांपुरती व्याजाची नेहमीची मर्यादा उठली. १९९६ मध्ये राज्यात अशी शंभरेक दुकानं होती. २००७ पर्यंत ती दीड हजारांवर गेली. डेटन, टोलीडो, स्प्रिंगफील्ड, यंग्सटाउन या शहरांत कारखाने बंद पडत होते, चांगल्या पगाराच्या नोकऱ्या जात होत्या आणि त्याच रस्त्यांवर या दुकानांच्या पाट्या लागत होत्या. काही मोठ्या कंपन्या तर ओहायोच्याच मातीतल्या होत्या. 'चेक एन गो' सिनसिनाटीची, 'चेकस्मार्ट' कोलंबसजवळच्या डब्लिनची आणि 'कॅशलँड' डेटनची.

२००८ मध्ये दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी एकत्र आले. विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं होतं आणि गव्हर्नर टेड स्ट्रिकलंड डेमोक्रॅट होते. २ जून २००८ रोजी स्ट्रिकलंड यांनी अल्पमुदतीच्या कर्जांच्या कायद्यावर सही केली. वर्षाला जास्तीत जास्त २८ टक्के व्याज, कर्ज ५०० डॉलरपर्यंतच, परतफेडीला किमान ३१ दिवस आणि एका माणसाला वर्षाला चारच कर्जं, अशी त्यातली कलमं होती.

कंपन्यांनी सह्या गोळा करून व्याजमर्यादेचं कलम सार्वमताला नेलं. हजारो नोकऱ्या जातील, कर्जदाराची माहिती सरकारच्या हाती जाईल, अशा जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या. मतदारांनी त्या पाहिल्या आणि तरीही कायदा राखला. त्याच दिवशी ॲरिझोनातल्या मतदारांनीही तिथल्या कंपन्यांनी मांडलेला प्रस्ताव फेटाळला. तिथे जुन्या परवानगीची मुदत ३० जून २०१० रोजी संपली आणि हा धंदा खरोखर बंद झाला. ओहायोत तसं घडलं नाही.

न वापरलेला कायदा

नव्या कायद्याखाली परवाना घेणाऱ्यालाच त्याची बंधनं लागू होती. ओहायोतल्या कंपन्यांनी तो परवाना घेतलाच नाही. राज्यात लहान कर्जांचा एक जुना कायदा होता आणि दुय्यम घरतारणासारख्या कर्जांसाठी केलेला दुसरा. कंपन्यांनी त्या कायद्यांखाली परवाने काढले आणि तीच पंधरा दिवसांची कर्जं नव्या कागदांवर द्यायला सुरुवात केली. व्याज कायद्यात बसेल एवढंच ठेवलं आणि बाकीची वसुली अर्जशुल्क, तपासणी शुल्क अशा नावांनी केली.

पुढे आणखी सोयीची वाट सापडली. कर्जबाजारी माणसाची पत सुधारून देतो असं सांगून फसवणाऱ्या दलालांना आवर घालण्यासाठी ओहायोत एक कायदा होता. त्यात दलालीवर कमाल मर्यादा घातलेली नव्हती. पेडे कंपन्या त्या कायद्याखाली दलाल म्हणून नोंदल्या गेल्या. कर्ज कागदोपत्री दुसरीच संस्था देई, अगदी कायदेशीर व्याजाने. दुकान मात्र ते 'मिळवून दिल्याबद्दल' हवी तेवढी दलाली घेई. कर्जदाराला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याखाली त्याच्याकडून पूर्वीहून अधिक पैसे घेतले जाऊ लागले.

ही बाब न्यायालयात गेली. एका कर्जदाराने कॅशलँडकडून २००८ च्या अखेरीस दोन आठवड्यांसाठी ५०० डॉलर घेतले होते. फेडायचे होते ५४५ डॉलर आणि काही सेंट. वार्षिक हिशेबात हा दर २३५ टक्क्यांवर जात होता. खालच्या न्यायालयांनी कंपनीविरुद्ध निर्णय दिला. हे पेडे कर्जच आहे आणि विधिमंडळाचा हेतू स्पष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. ११ जून २०१४ रोजी ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. विधिमंडळाला अशी कर्जं इतर कायद्यांखाली बंद करायची असती तर त्याने तसं लिहायला हवं होतं, लिहिलेलं नाही, तेव्हा ती कायदेशीर आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता.

न्यायमूर्ती पॉल फायफर यांनी निकालाशी सहमती दाखवताना स्वतंत्र टिपण लिहिलं. ते स्वतः पूर्वी राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. एवढा गाजावाजा करून कायदा केला आणि राज्यातली एकही कंपनी त्याच्या कक्षेत नाही, हे झालं कसं, असा प्रश्न त्यांनी विचारला. लॉबिस्ट आमदारांपेक्षा हुशार ठरले, की या कायद्याने काहीच होणार नाही हे विधिमंडळाच्या नेत्यांना ठाऊक होतं? उत्तर त्यांनी दिलं नाही. पण प्रश्न न्यायालयाच्या अभिलेखात कायमचा नोंदला गेला.

पळवाट बुजवायला एक लहानसं दुरुस्ती विधेयक पुरेसं होतं. तसे प्रयत्न झाले आणि दर वेळी अडले. इथे देणग्यांचं काम दिसतं. हजारो रुपयांच्या थैल्या देऊन मतं विकत घेण्याचं जे चित्र आपल्या मनात असतं, तसं काही इथे व्हावं लागत नाही. अमेरिकेच्या राज्यांत बहुतेक विधेयकं मतदानात हरून मरत नाहीत. समितीच्या अध्यक्षाने सुनावणी ठेवली नाही, स्पीकरने विषयपत्रिकेवर घेतलं नाही, की अधिवेशन संपताना विधेयक आपोआप संपतं. त्यासाठी कुणालाही सावकारांच्या बाजूने हात वर करावा लागत नाही. म्हणून उद्योगाला सगळ्या सदस्यांची गरज नसते. सभागृहाचे नेते, वित्तविषयक समित्यांचे अध्यक्ष आणि दोन्ही पक्षांचे निवडणूक निधी, एवढ्यांशी संबंध राखले तरी पुरतं. काहीच न घडणं हेच उद्योगाला हवं होतं आणि काहीच न घडल्याचा जाब मतदार कुणाला विचारणार?

दरम्यान याचं मोल कर्जदार देत होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ग्राहक वित्त ब्यूरोने कॅशलँडची मालक कंपनी 'कॅश अमेरिका' हिच्यावर कारवाई केली. ओहायोतल्या कर्जदारांवर दावे लावताना कागदपत्रं न तपासता सह्या ठोकल्या जात होत्या, हा त्यातला एक ठपका होता. कंपनीला ग्राहकांना १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत परतावा आणि ५० लाख डॉलर दंड मान्य करावा लागला. पण दर तसेच राहिले. प्यूने राज्याराज्यांतल्या दरांची तुलना केली तेव्हा देशातलं सर्वांत महाग पेडे कर्ज ओहायोत असल्याचं दिसलं. सरासरी ५९१ टक्के. ३०० डॉलर पाच महिने वापरले तर ६८० डॉलर शुल्क. जिथल्या मतदारांनी २८ टक्क्यांना कौल दिला होता, त्या राज्याची ही स्थिती.

उटाहमधला धडा

या उद्योगाविरुद्ध उभं राहणाऱ्या आमदाराचं काय होतं, हे याच काळात उटाह राज्यात दिसलं. ब्रॅड डॉ हे ओरेम शहराचे रिपब्लिकन प्रतिनिधी. पेडे कर्जांवर बंधनं आणू पाहणारं विधेयक त्यांनी मांडलं. २०१२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्या मतदारसंघात त्यांच्याविरुद्ध पत्रकं घरोघर पोचली. पत्रकांत पेडे कर्जांचा मुद्दा पुढे केलेला नव्हता. रिपब्लिकन मतदाराला चीड येईल अशा, ओबामांच्या आरोग्य धोरणाशी डॉ यांचं नाव जोडणाऱ्या गोष्टी त्यांत होत्या. डॉ हरले. पत्रकांमागे कोण आहे, हे त्या वेळी कुणाला कळलं नाही.

ते उघड झालं दुसऱ्याच चौकशीतून. त्याच वर्षी जॉन स्वॉलो राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले होते. पूर्वी त्यांनी प्रोव्हो शहरातल्या 'चेक सिटी' या पेडे कंपनीसाठी लॉबिस्ट म्हणून काम केलं होतं. आरोपांच्या गदारोळात २०१३ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. उटाहच्या प्रतिनिधिगृहाच्या विशेष चौकशी समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. पेडे उद्योगाचा पैसा देणगीदारांची नावं जाहीर न करणाऱ्या संस्थांमधून फिरवून निवडणुकीत आणला गेला, आणि डॉ यांच्याविरुद्धची पत्रकं त्याच पैशातून निघाली, असं समितीने कागदपत्रांनिशी मांडलं. आपण निवडून आलो तर केंद्राच्या नव्या नियमांच्या काळात उद्योगाला मदत करण्याच्या जागी असू, अशा आशयाचा स्वॉलो यांचा ईमेलही समितीच्या हाती लागला होता. स्वॉलो यांच्यावर पुढे जो फौजदारी खटला चालला, त्यात २०१७ मध्ये ज्युरीने त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केलं, हेही नोंदवायला हवं.

डॉ यांचं प्रकरण एका मतदारसंघापुरतं राहत नाही. इतर राज्यांतले आमदार अशा बातम्या वाचतात. सुधारणेचं विधेयक मांडलं तर आपल्या पुढच्या निवडणुकीत कुठून, कुणाच्या नावाने, कोणत्या विषयावर पैसा उतरेल हे सांगता येत नाही, एवढं कळलं की अनेक जण दुसरा विषय निवडतात. देणगीइतकाच तिचा धाकही काम करतो.

स्प्रिंगफील्डचा माणूस आणि स्पीकरची खुर्ची

ओहायोत कोंडी फोडायला पुढे आले काइल केलर. ते स्प्रिंगफील्डचे रिपब्लिकन. त्या गावातल्या पास्टरांनी आणि नागरिकांनी या दुकानांविरुद्ध काम सुरू केलं होतं. आपल्या चर्चमध्ये येणारी कुटुंबं पाचशे डॉलरच्या कर्जापायी महिनोन् महिने कशी अडकतात, हे ते आमदारांना सांगत होते. मार्च २०१७ मध्ये केलर यांनी टोलीडोचे डेमोक्रॅट मायकेल ॲशफर्ड यांच्यासह हाउस बिल १२३ मांडलं. एक परंपरावादी आणि एक उदारमतवादी, दोघांची सही एकाच विधेयकावर. दुकानं बंद करणं हा त्याचा हेतू नव्हता. हप्ते पगाराला झेपतील असे असावेत आणि एकूण खर्चाला मर्यादा असावी, एवढंच त्यात मागितलं होतं.

विधेयक वर्षभर समितीत पडून राहिलं. स्पीकर होते क्लिफ रोझेनबर्गर. जानेवारी २०१५ मध्ये ते स्पीकर झाले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये, हे विधेयक समितीत असतानाच, ते लंडनच्या दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्यात अशी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचे लॉबिस्टही होते. १० एप्रिल २०१८ रोजी रोझेनबर्गर यांनी राजीनामा जाहीर केला. एफबीआय आपल्या कामकाजाची चौकशी करत असल्याचं समोर आलं होतं. आपण कायद्याने आणि नीतीने वागलो, असं त्यांचं म्हणणं होतं. मे महिन्यात त्यांच्या घराची झडती झाली. झडतीच्या कागदपत्रांत पेडे उद्योगाच्या लॉबिस्टांचे आणि परदेश दौऱ्यांचे उल्लेख होते. त्यांच्यावर आरोपपत्र मात्र कधी दाखल झालं नाही.

राजीनामा जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत समितीने हाउस बिल १२३ मंजूर केलं. ज्यासाठी तेरा महिने वेळ मिळाला नव्हता, ते काम एका बैठकीत झालं.

तोच एप्रिल, वॉशिंग्टनमध्ये

त्याच महिन्यात देशाच्या राजधानीत वारं उलट दिशेने वाहत होतं. ग्राहक वित्त ब्यूरोचे पहिले संचालक रिचर्ड कॉर्ड्रे हे मूळचे ओहायोचे, तिथले माजी ॲटर्नी जनरल. कर्ज देण्याआधी ते फेडण्याची ऐपत तपासलीच पाहिजे, असा नियम त्यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जारी केला. व्याजाची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार ब्यूरोला २०१० च्या मूळ कायद्यानेच नाकारला होता. त्यामुळे ऐपत तपासणं हा त्यांच्या हातातला सर्वांत मोठा उपाय होता. पुढच्याच महिन्यात कॉर्ड्रे पायउतार झाले आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी मिक मलवेनी यांना हंगामी प्रमुख नेमलं. मलवेनी साउथ कॅरोलायनाचे खासदार असताना त्यांच्या प्रचाराला पेडे उद्योगाकडून ६० हजार डॉलरहून अधिक देणग्या मिळाल्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये ब्यूरोने नियमाचा फेरविचार जाहीर केला. एप्रिलमध्ये या उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेचं वार्षिक अधिवेशन मायामीजवळ ट्रम्प यांच्याच डोराल रिसॉर्टमध्ये भरलं.

२४ एप्रिल २०१८ रोजी मलवेनी बँकर्सच्या एका परिषदेत बोलले. आपण खासदार असताना कार्यालयात एक उतरंड होती, असं त्यांनी सांगितलं. ज्या लॉबिस्टने कधी पैसे दिले नाहीत, त्याच्याशी आपण बोलत नसू. ज्याने दिले, त्याच्याशी कदाचित बोलत असू. मतदारसंघातून कुणी येऊन बसलं तर मात्र पैशाचा विचार न करता त्याला भेटत असू, असंही ते म्हणाले. पण पंधरवड्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला साउथ कॅरोलायनाहून वॉशिंग्टनला जाऊन कार्यालयाबाहेर बसता येत नाही. लॉबिस्टला येतं, कारण ते त्याचं पगारी काम आहे. ऐपत तपासण्याचा तो नियम अखेर जुलै २०२० मध्ये ब्यूरोने रद्द केला. तोवर कार्यालयात मलवेनी नव्हते, पण वळण त्यांच्याच काळातलं होतं.

अखेर कायदा

ओहायोचं प्रतिनिधिगृह नवा स्पीकर निवडण्याच्या भांडणात जवळपास दोन महिने अडकलं. ६ जून २०१८ रोजी अकराव्या फेरीत रायन स्मिथ निवडले गेले. दुसऱ्याच दिवशी हाउस बिल १२३ मतदानाला आलं आणि ७१ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झालं. जुलैमध्ये सिनेटने काही दुरुस्त्यांसह ते २१ विरुद्ध ९ मतांनी संमत केलं. २४ जुलैला प्रतिनिधिगृहाने त्या दुरुस्त्या मान्य केल्या आणि ३० जुलै २०१८ रोजी गव्हर्नर जॉन केसिक यांनी सही केली.

एवढी घाई का झाली, याला दोन कारणं होती. एक, चौकशीमुळे या उद्योगाचा पैसा अचानक सर्वांच्या डोळ्यांवर आला होता आणि नोव्हेंबरात निवडणूक होती. दुसरं, सुधारणावादी संघटनांनी राज्यघटनेतच व्याजमर्यादा घालणारा प्रस्ताव थेट मतदारांपुढे नेण्याची तयारी चालवली होती. २००८ मध्ये मतदारांनी काय केलं, हे सगळ्यांना आठवत होतं.

कायद्याने व्याज २८ टक्क्यांवर ठेवलं. महिन्याचं शुल्क कर्जाच्या १० टक्के किंवा ३० डॉलर, यांपैकी जे कमी असेल ते. कर्ज १,००० डॉलरपर्यंत, मुदत एक वर्षापर्यंत. मुदत नव्वद दिवसांपेक्षा कमी असेल तर हप्ता उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर जाता कामा नये. दलालीची वाट बंद. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे व्याज आणि शुल्क मिळून एकूण खर्च मुद्दलाच्या ६० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. मराठी वाचकाला यात दामदुपटीचं तत्त्व ओळखू येईल. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, हा आपल्याकडचा जुना दंडक मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला होता. ओहायोचा नियम त्याहून कडक आहे. ३०० डॉलरच्या कर्जावर आता काही झालं तरी १८० डॉलरहून अधिक घेता येत नाही. प्यूच्या अंदाजाने राज्यातल्या कर्जदारांची वर्षाला साडेसात कोटी डॉलरची बचत होणार होती. ही रक्कम म्हणजे आदल्या प्रत्येक वर्षी त्यांच्या खिशातून जादा गेलेला पैसा.

मतपेटी आणि निधीपेटी

ओहायो एकटं नाही. २०१० मध्ये मोंटानाच्या मतदारांनी ३६ टक्क्यांची मर्यादा घातली. २०१६ मध्ये साउथ डकोटात तेच झालं. तिथे मोहीम चालवली रिपब्लिकन पास्टर आणि माजी आमदार स्टीव्ह हिकी यांनी, आणि ओबामांच्या २००८ च्या प्रचारयंत्रणेतले स्टीव्ह हिल्डब्रँड यांनी. उद्योगाच्या बाजूने १८ टक्क्यांचा म्हणून एक वेगळा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर आला. त्यात कर्जदाराने लेखी मान्य केलं तर कितीही व्याज घेता येईल, अशी मेख होती. मतदारांनी ती ओळखून तो पाडला आणि ३६ टक्क्यांच्या प्रस्तावाला सुमारे तीन चतुर्थांश मतं दिली. त्याच दिवशी त्या राज्याने ट्रम्प यांनाही मोठ्या मताधिक्याने निवडलं. २०१८ मध्ये कोलोरॅडोत ७७ टक्के आणि २०२० मध्ये नेब्रास्कात ८० टक्क्यांहून अधिक मतदार व्याजमर्यादेच्या बाजूने उभे राहिले.

पक्ष किंवा प्रदेश यांचा या कौलावर फारसा परिणाम दिसत नाही. प्रश्न थेट विचारला की उत्तर ठरलेलं असतं. मग विधिमंडळांत तेच उत्तर मिळायला दहा-दहा वर्षं का लागतात? लोकमत आणि लोकप्रतिनिधी यांच्यात एवढं अंतर राखायला कुणाला तरी खर्च करावा लागतो, आणि तो खर्च देणग्यांच्या जाहीर नोंदींत दिसतो. या देणग्या बहुतेक वेळा कायदेशीर असतात. त्यामुळे गुन्हा सिद्ध झाला की नाही, या एकाच कसोटीवर त्यांचा निवाडा करून चालत नाही. रोझेनबर्गर यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, म्हणून विधेयक वर्षभर का अडलं हा प्रश्न मिटत नाही. प्रतिनिधीने कुणाकडून पैसे घेतले, त्यानंतर कोणतं विधेयक कोणत्या समितीत किती दिवस पडून राहिलं आणि त्या दिवसांत त्याच्या मतदारसंघातल्या माणसांनी किती शुल्क भरलं, या तीन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

त्यातली शेवटची गोष्ट विसरता कामा नये. पेडे कंपनीने आमदाराला दिलेला प्रत्येक डॉलर आधी कुठल्या तरी कर्जदाराने काउंटरवर ठेवलेला असतो. वीजबिलासाठी शंभर डॉलर उचलणारी बाई मुदतवाढीचे पंधरा डॉलर भरते, त्यातून कंपनीचा नफा होतो आणि त्या नफ्यातून निवडणूक निधीची रक्कम निघते. तिच्या पैशाने तिच्याच प्रतिनिधीला गप्प बसवलं जातं. ओहायोच्या मतदारांनी २००८ मध्ये यावर निर्णय दिला होता. तो अमलात यायला दहा वर्षं लागली, आणि ती दहा वर्षं संपली ती नेत्यांना उपरती होऊन नव्हे. चौकशीने देणग्यांवर प्रकाश पडला आणि पास्टरांनी व शेजारीपाजाऱ्यांनी प्रश्न पुन्हा मतपेटीपर्यंत नेण्याची तयारी केली, तेव्हा विधिमंडळ हललं. जिथे हा धंदा अजून जुन्या दराने चालतो, तिथे हीच दोन कामं करायची आहेत.